राठ झालेलं पान

"ओ साहेब, ती सुरी आधी खाली ठेवा!"

तो दचकला. पावसाची भुरभुर चालू होती आणि हा शहाणा आमच्या पानतोडीच्या रानात गुडघ्यांवर बसून कोवळी पानं कापत होता. इकडे बायफील्डमध्ये आम्ही या झाडाला नेचा म्हणतो, पण नेचा नाहीच तो. खोड जमिनीत लपलेलं. वर येतो नुसता देठ, त्याला फांद्या, फांद्यांवर करवती कडांची पाती. एवढा पसारा, पण सगळं मिळून पान एकच.

"वडिलांच्या शवपेटीवर ठेवायचीत..." तो म्हणाला. "विचारायला हवं होतं, चुकलंच."

मला माझीच लाज वाटली. "कोवळी नको नेऊस. संध्याकाळपर्यंत माना टाकतील. हे बघ, असं चिमटीत धर. राठ लागलं तरच तोडायचं."

कॅलम त्याचं नाव. माझी बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली.

पुढच्याच आठवड्यात परत हजर!

"घरातली फुलं सगळी सुकली. तुझी उरलेली पानं तेवढी तशीच आहेत."

"मग? तक्रार करायला आलायस?"

"नाही... एवढंच सांगायला."

मग येतच राहिला. माझ्यासोबत फुलवाल्यांसाठी पानांच्या जुड्या बांधायचा, त्याही इतक्या ढिल्या की मी पुन्हा बांधायची. हसता हसता मध्येच त्याला वडिलांचं काही आठवायचं आणि जुडी हातातून सुटायची. मला तो आवडायला लागला होता. फार.

एकदा म्हणाला, "बाबांचं येपूनचं घर विकतोय, ब्रोनी. दक्षिणेला जाईन म्हणतो. तू थांब म्हणालीस तर—"

मी समोरचं नवं, लवलवीत पान दाखवलं. "वडील आत्ता गेलेत तुझे. तू सध्या असा आहेस. हे राठ झालं की विचार."

तो मान खाली घालून गेला. मेला परत आलाच नाही!

त्या पानाला मी कुणाला हात लावू दिला नाही. रोज चिमटीत धरून बघायची, रोज रडायची. पान गडद झालं, राठ झालं, तरी त्याचा पत्ता नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला — त्याला तो नकारच वाटला होता.

पान कापलं आणि तडक येपून गाठलं. दारात सामानाने भरलेला ट्रक, आणि कॅलम दोर आवळतोय. तोही ढिलाच.

"कॅलम, बघ, राठ झालंय. थांब ना रे."

त्याने पान चिमटीत धरलं.

"घर विकलं गं मी. आजच किल्ली दिली."

"माझं आहे ना," मी म्हणाले, आणि दोराची गाठ सोडायला घेतली.