लिहा शून्य

अकोल्यात मे महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी साडेनऊलाच पारा त्रेचाळीसवर गेला होता, आणि मंदाकिनीबाई गावंड्यांचे पापड काही केल्या वाळत नव्हते.

"अव माय! हे काय बाप्पा!" त्यांनी एक पापड उलटा करून पाहिला. काल सकाळी घातलेला उडदाचा पापड खालून तसाच ओला होता, आणि वर गारही होता. डोक्यावर टाळू भाजणारं ऊन आणि पायाखाली फ्रीजच्या कप्प्यासारखी गच्ची. बाई अनवाणीच वर आल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात या गच्चीवर कोणी अनवाणी आलं असतं, तर आठवडाभर तळव्यांना लोणी चोळत बसलं असतं.

ही सगळी करामत गारलेपाची. गच्चीवर आणि बाहेरच्या भिंतींवर दुधी रंगाचा लेप, आणि घराघरातल्या भिंतींच्या पोटात केसाएवढ्या बारीक नळ्यांचं जाळं. उन्हातून वीज काढणं तर जुन्या सौरपट्ट्यांनाही जमायचं. गारलेप त्याच्या पुढे गेला होता. उष्णतेच्या काही लहरी अशा असतात की हवा त्यांना अडवत नाही. त्या इथून निघतात त्या थेट अवकाशात पोचतात. गारलेप नेमक्या त्याच लहरींमधून घरातली उष्णता आभाळात फेकायचा. नळ्यांमधला द्रव ती भिंतींतून गोळा करून गच्चीवर न्यायचा आणि वाटेत तिच्यातूनही वीज निघायची. घर गार, विजेचं बिल नाही, आणि बसवायचा खर्चही नाही, कारण उरलेली वीज कंपनीची. जिथे लोकांचं अर्धं आयुष्य कूलरमध्ये पाणी भरण्यात जातं, त्या गावात याला नाही म्हणणार कोण? शहरातल्या चार हजार इमारतींना लेप लागला होता.

पापडांचा नाद सोडून बाई खाली आल्या. पार्किंगमधल्या फलकावर हिरवी अक्षरं चमकत होती: 'या आठवड्याचं उत्तम घर: ३०१, गावंडे.' ज्या घराच्या भिंतींतून सर्वांत जास्त वीज निघेल, त्याचं नाव दर सोमवारी तिथे यायचं.

"तिसरा आठवडा आहे हा, वहिनी!" सोसायटीचे सचिव तायडे गाडी पुसता पुसता म्हणाले. "करता तरी काय तुम्ही?"

"काही नाही हो भाऊ. पल्लवी आली आहे ना बाळंतपणाला. तिची खोली तेवढी जास्तीची वापरात आहे." असं म्हणताना बाईंना आतून बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, जिना चढताना त्यांनी मागे वळून ते नाव परत एकदा वाचलं.

वर मात्र बरं वाटण्यासारखं काही नव्हतं. पल्लवी वजनकाट्यापुढे बसून रडत होती. मुलगी आठव्या महिन्यात झालेली. तीन आठवडे दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहून घरी आली, तेव्हा दोन किलो भरली होती. घरी येऊनही आता तीन आठवडे होत आले होते, आणि काटा एकोणीसशे तीस ग्रॅम दाखवत होता. दूध नीट पीत होती, ताप नव्हता, कुठला जंतुसंसर्ग नव्हता. फक्त पाय गार असायचे, आणि आता आता तर रडायचीही कमी झाली होती.

कालच डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "प्यायलेलं दूध ती वाढण्यासाठी वापरतच नाही. सगळं अंग गरम ठेवण्यात जातंय. असं फार दिवस चालणार नाही, पल्लवी. खोलीचं तापमान किती असतं तुमच्याकडे?"

"अठ्ठावीस," पल्लवी म्हणाली होती. पाळण्याशेजारी तापमापक टांगलेलाच होता, आणि तो अठ्ठावीसच दाखवायचा.

"मग थंडी येते कुठून?" डॉक्टरीणबाईंना काही उलगडा झाला नव्हता.

मंदाबाईंनी त्यावर आपला उपाय दुप्पट केला होता. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा, मग मे असो की पौष, हे त्यांच्या आईने केलं, सासूने केलं. रोज दहाला अंघोळ झाली की निखाऱ्यांची शेगडी खोलीत यायची, वर ओवा-शेपा टाकायचा, धुरी व्हायची. खिडकी उघडी असायची, तरी तासभर खोली तापून निघायची. गेले वीस दिवस घड्याळ लावावं असं हे चाललं होतं. आजही त्यांनी शेगडी आणली, आणि पाळणा सरकवताना त्यांचा हात मागच्या भिंतीला लागला. भिंत ओली होती. पाण्याचे थेंब ओघळून खाली फरशीवर थारोळं झालं होतं.

गळती समजून त्यांनी कंपनीला फोन केला. दुपारी निकिता खंडारे आली. तिशीतली, पाठीवर यंत्रांची पिशवी, मूळची बाळापूरची. तिने भिंतीला एक चपटी पट्टी टेकवली, आकडा पाहिला, पुसून पुन्हा टेकवली.

"काकू, गळती नाही हे. दव आहे. भिंत सात अंशावर आहे."

"सात? पण तापमापक तर अठ्ठावीस सांगते!"

"तो हवा मोजतो. भिंत कोण मोजते?" निकिताने पाळण्यात पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "बाळ इथेच असते?"

"जन्मल्या— घरी आल्यापासून," पल्लवी म्हणाली.

"काकू, हिवाळ्यात शेतात जागलीला उघड्यावर झोपलात कधी? हवा बरी असते, वारा नसतो, तरी आभाळाकडची बाजू गारठते. अंगातली ऊब आपसूक आभाळाकडे जाते. इथे आभाळाच्या जागी ही भिंत आहे. मधातली हवा गरम असून काही उपयोग नाही. एवढ्याशा जिवाची ऊब दिवसरात्र हिच्यात जाऊन राहिली."

"पण हीच भिंत काहून येवढी थंड?"

निकिताने हातातल्या पडद्यावर आलेख काढला. गेल्या वीस दिवसांत रोज दहाला एक टोकदार उंचवटा होता. "इमारतीच्या नियंत्रकाला, म्हणजे नळ्यांमधला द्रव फिरवणाऱ्या यंत्राला, माणूस समजत नाही. त्याला एवढंच समजते, की जिथे ऊब जास्त तिथून वीज जास्त. रोज दहाला या खोलीत ऊब येते हे त्यानं हेरलं, आणि सगळा ओढा इकडे वळवला. तुम्ही जेवढं तापवाल तेवढा तो जास्त ओढेल."

"म्हणजे माझ्या शेगडीनं?" मंदाबाईंचा आवाज चिरका झाला. निकिताने आलेख बंद केला.

"मग बंद कर ना वो ते! आत्ताच्या आत्ता कर!"

"माझ्या हातात असतं तर विचारलंही नसतं. भिंत किती थंड होऊ द्यायची, याची एक तळमर्यादा असते. बाकी ठिकाणी वीस आहे, कुठे बावीस. तिथे आली की नियंत्रक आपोआप थांबते." तिने करार उघडून पुढे धरला. "तुमच्या सोसायटीनं शून्य लिहिलं आहे."

मंदाबाईंनी तो बाजूला सारला. त्यांना करार वाचायची गरज नव्हती.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सेहेचाळीस अंश, माणसं पुठ्ठ्यांनी वारा घेत बसलेली. कंपनीचा माणूस एकेक कलम वाचत होता. 'भिंत किमान किती थंड चालेल?' असं त्याने विचारलं, आणि अख्खी सभा हसली. हिवाळ्यात फार तर दहा दिवस स्वेटर घालणारं गाव हे! तेव्हा मागून मंदाबाईच ओरडल्या होत्या, "अकोल्यात अन् थंडी? लिहा शून्य!" काय टाळ्या पडल्या! शेजारच्या ३०२ मधले पोहरे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, खुर्चीवर थाप मारून म्हणाले होते, "वा मंदा!" आणि बत्तीसच्या बत्तीस घरांनी सह्या केल्या होत्या.

मर्यादा बदलायलाही बत्तीस सह्या लागत होत्या. संध्याकाळी बाईंनी सभा बोलावली.

"वीस केली तर गारवा निम्म्यावर येईल, वहिनी," तायडे म्हणाले. माणूस वाईट नव्हता; खरंच पेचात पडला होता. "खालच्या मजल्यांवर छत्तीस-सदतीस होईल. माझी बायको रक्तदाबाची. तुम्हीच सांगा, एका खोलीसाठी सगळ्यांनी उकडून निघायचं?"

"तोवर नात्यात कोणाकडे जाऊन राहा ना," कोणीतरी म्हणालं.

"लेप नसलेल्या घरात आज आतमध्ये बेचाळीस आहे. वीज सहा तास जाते. दोन किलोचं लेकरू घेऊन तिथे जाऊ?" मंदाबाई कडाडल्या.

मागून एका बाईचा आवाज आला, फार मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "शून्य लिहा म्हणून कोण ओरडलं होतं तेव्हा?"

मंदाबाईंनी सह्यांचा कागद पुढे सरकवला. नऊ सह्या झाल्या. त्यातली एक पोहरे गुरुजींची होती. त्यांनी बाकीच्यांकडे पाहत सही केली. उरलेल्या तेवीस घरांनी विचार करून सांगतो म्हटलं.

दुपारी जाताना निकिताने एक सुचवलं होतं. शेगडी बंद करा, पाळणा मधोमध घ्या, आणि भिंत जाड कशानेतरी झाका. घरात चार गोधड्या होत्या. बाईंनी चारही एकावर एक ठेवून खिळ्यांनी भिंतीवर ठोकल्या आणि बाळाला पल्लवीच्या छातीशी बांधलं. पहिल्या दिवशी काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पंधरा ग्रॅम वाढले, तिसऱ्या दिवशी तीस. रविवारी सकाळी तर बाळाने असं भोकाड पसरलं की पल्लवी हसत हसत रडली. मंदाबाईंनी ते इवलेसे तळवे गालाला लावून पाहिले. गुलाबी होते, गरम होते. देवापुढे साखर ठेवताना त्यांचे डोळे वाहत होते.

सोमवारी त्या पेढे आणायला निघाल्या. खाली फलक नुकताच बदलला होता.

'या आठवड्याचं उत्तम घर: ३०२, पोहरे.'

बाई वाचून पुढे गेल्या. फाटकापर्यंत गेल्या आणि थबकल्या. एकाच भिंतीच्या दोन बाजू! इकडून आपण गोधड्या ठोकल्या, मग ती तिकडून... पिशवी तिथेच टाकून त्या साठीच्या बाई जिने धावत चढल्या. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग दार बडवायला लागल्या.

"आलो, आलो. येवढं काय पेटलं?" दार उघडायला फार वेळ लागला. गुरुजी स्वेटर घालून उभे होते, डोक्याला कानटोपी, हातात गरम पाण्याची पिशवी. ओठ निळसर पडले होते, पण चेहरा फुलला होता. "पाह्यलं का मंदा? तायड्यानं फोन केला. आपला पहिला नंबर आला! एक्क्याऐंशी वर्षांत कशातच आला नव्हता, आता आला."

"गुरुजी, अंग किती गार पडलं तुमचं!"

"हो ना. दोन-तीन दिवसांपासून काहून की हीव भरून राहिलं. म्हणून त्या खुर्चीत पिशवी घेऊन बसतो."

खुर्ची भिंतीला टेकून ठेवली होती. भिंतीवरून पाणी ओघळत होतं.

मंदाबाईंनी त्यांना हाताला धरून दारापाशी उन्हात बसवलं आणि सगळं सांगितलं. मग त्यांच्याच पलंगावरच्या दोन गोधड्या ओढल्या, घरून हातोडी आणली आणि खुर्चीवर चढून पहिला खिळा लावला. पलीकडून नातीचं रडणं ऐकू येत होतं, अगदी खणखणीत. शाळेतल्या पोराचं चित्र तपासावं तसं गुरुजी त्या ओल्या भिंतीकडे पाहत राहिले.

"मंदा," ते हळूच म्हणाले, "तुझ्याकडून थंडी हटली, ती माझ्याकडे आली. आता माझ्याकडून हटली, तर जाईल कोणाकडे?"

हातोडी उचललेली तशीच राहिली. सही न केलेली ती तेवीस दारं बाईंना एकेक करून आठवू लागली. यातल्या किती घरांत आज कोणीतरी भिंतीला टेकून बसलं असेल?