रंगनाथ कवडेची माफी

ओढ्याकाठी माणूस पडलाय, असं सांगत दूधवाला भिंगारच्या चौकीत घुसला, तेव्हा फौजदार आसाराम गर्जे बूट काढत होता. गणपती विसर्जनाचा बंदोबस्त नुकताच उरकला होता. ढोलताशांनी कान किटले होते आणि डोळ्याला डोळा लागला नव्हता. एक बूट निघाला होता, तो त्यानं परत चढवला.

"प्यालेला असेल कुणीतरी."

"न्हाई साहेब." दूधवाल्याचे दात वाजत होते. "त्याला एक हात न्हाई."

माणूस पालथा पडला होता. मान मागून तुटून कातड्यावर लोंबत होती. उजवा हात मनगटापासून तोडलेला, आणि तो तुकडा सगळा काठ पालथा घातला तरी सापडला नाही. रक्तानं माती चिकट झाली होती. डाव्या मनगटावरचं घड्याळ चालू होतं, खिशातलं पाकीट जागच्या जागी होतं. चोराचं काम नव्हतं, हे उघड होतं.

गर्जे उकिडवा बसला. मेलेल्याच्या पायजम्याचे दोन्ही गुडघे मातीनं माखले होते. घाव सरळ वरून खाली आला होता. झटापटीची एकही खूण नव्हती. आणि डोक्यापासून वीतभर पुढं पांढरी टोपी होती, उभी, नीट ठेवल्यासारखी. वरून शिंतोडे उडालेले, आतून कोरी. डोक्यावरून पडलेली टोपी अशी बसत नाही, एवढं गर्जेला कळलं. पुढचं कळलं नाही, आणि त्याचा त्याला भयंकर राग आला.

मयत होता रंगनाथ कवडे, लष्कराच्या डेपोतून निवृत्त झालेला कारकून. त्याचा मुलगा पंकज टेम्पो चालवायचा. तो धावत आला, बापाला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हात कुठाय?" बापाला हाताशिवायच अग्नी द्यावा लागला. चिता पेटल्यावर तो गर्जेजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मला फक्त नाव कळू द्या. बाकीचं मी बघतो."

हे पोरगं बोलतं तसं करील, याबद्दल गर्जेला तिळमात्र शंका वाटली नाही.

कवडेला शत्रू नव्हता. नाद मात्र होता. बाजारातल्या गोजरबाईच्या ओसरीवर दर रविवारी पाचजण जमायचे आणि एकमेकांचे पूर्वज शोधायचे. गोजरबाई जुनी सुईण. अर्ध्या भिंगारच्या नाळा तिनंच कापलेल्या, त्यामुळे कोण कुणाचा कोण हे तिला तोंडपाठ. एकाचा पणजा दुसऱ्याच्या आठवणीत सापडायचा. सापडला की चहा व्हायचा, आणि कधी कधी चांगली धट्टीकट्टी माणसं डोळेही पुसायची. हसण्यासारखं वाटतं, पण कुणाला आपलं मूळ गाव पन्नाशीत कळलं तर तो रडणारच.

"मागल्या रविवारी काय झालं?" गर्जेनं विचारलं.

गोजरबाईनं पदर तोंडाशी धरला. "रंगनाथची आत्या मरायच्या आधी त्याला सांगून गेली. त्याच्या आज्यानं मोटंच्या पाळीवरून एकाचा खून केल्ता. मान तोडली, उजवा हात तोडून हिरीत टाकला, अन् बायकापोरं घिऊन भिंगारला पळून आला. आडनाव बी बदाललं. कवडे हे काय त्यांचं खरं आडनाव न्हाई."

"गाव कोणतं?"

"आत्याला आठवलंच न्हाई. रंगनाथ म्हनला, मला ते घर शोधून द्या. त्यांच्या पायावर डोकं ठेवायचंय मला. लई रडला, साहेब."

"आणि बाकीचे काय म्हणाले?"

"सगळ्यांनी धीर दिला. शोधू म्हनले. एकटा बन्सी भांडला." तिनं गर्जेचा हात धरला. "रंगनाथ तर गेला. त्याच्या पंकजला तेवढं सांभाळा. ते पोरगं कुनाला तरी मारून फासावर जाईल, न्हाईतर सोता मरंल."

हात तोडल्याची गोष्ट ओसरीवरच्या लोकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. म्हणजे खुनी त्यांच्यातलाच होता. त्याच दुपारी गर्जेनं सगळ्यांना चौकीत बोलावलं.

पहिला आला बन्सी साळवे. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त, बसला तरी पाठ ताठ.

"भांडलास कशाला?"

"उकरू नको म्हनलं, साहेब. ज्यांच्या घरचा मानूस मेला ते काय चहा पाजनार हायेत का तुला? तर म्हनला, मारलं तरी चालंल."

"तुझा आजा कसा मेला?"

"लढाईत. गोळी लागून, पार इराकात."

दुसरी माधुरी शेवाळे, बँकेतली कारकून, मूळची नेवाशाची. तिचे आजोबा काशीला जातो म्हणून गेले ते परतलेच नाहीत. तिसरे पुंजाराम गुरुजी, निवृत्त शिक्षक, मूळ तिसगावजवळच्या एका वस्तीवरचे. आवाज मऊ, सदरा इस्त्रीचा.

"काल रात्री कुठं होता, गुरुजी?"

"मिरवणुकीत. सगळं भिंगार होतं तिथं. पहाटेच्या गाडीनं गावी गेलो, आईला औषध द्यायला. ऐंशीच्या घरात आहे ती. आत्ताच परतलो."

"आजोबा?"

"प्लेगनं गेले. अंथरुणातच. आमच्या घराण्यात सांगण्यासारखं काही नाही हो. मी तिथं जातो तो इतरांना मदत करायला."

गर्जेनं चौघांनाही बजावलं, तपास संपेपर्यंत भिंगार सोडायचं नाही, रोज हजेरी लावायची. लगेच कुरकुर सुरू झाली. पितृपंधरवडा तोंडावर आला होता.

"नवमीला मला घरीच ऱ्हाऊ द्या," गोजरबाई म्हणाली. "सासू सवाष्ण गेली माजी. तिचं नवमीलाच असतं."

"मला अमावास्येला सुट्टी हवी," माधुरी म्हणाली. "आजोबांची तिथीच माहीत नाही, म्हणून सर्वपित्रीला घालतो."

"मला चतुर्दशीला गावी जावं लागेल," गुरुजी म्हणाले. "आजोबांचं पान असतं."

"तुझं रे, बन्सी?"

"आमच्यात न्हाई ते, साहेब. छप्पन सालापासून बंद हाय. मी रोज येतो."

गर्जेनं मान डोलावली आणि तिघांना एकेक दिवस देऊन टाकला. इथंच तो फसला.

दिवस गेले आणि तपास तसूभर हलला नाही. तेराव्याच्या संध्याकाळी मात्र व्हायचं ते झालंच. बन्सी आणि रंगनाथ यांचं भांडण पंकजच्या कानावर कुणीतरी घातलं. चौकीसमोरच्या चहाच्या टपरीवर बन्सी बशीत चहा ओतत होता. पंकज मागून आला आणि काही न बोलता त्यानं सुरी चालवली. बन्सीनं खांदा वळवला म्हणून गळा वाचला. दंड हाडापर्यंत फाटला. चहा, रक्त आणि फुटलेल्या काचा यांचा चिखल झाला. चौघांनी पंकजला दाबून धरलं, तरी तो ओरडत होता, "हात कुठं टाकलास? बोल, हात कुठं टाकलास?"

बन्सीनं दंडाला पंचा आवळला. "माजी तक्रार न्हाई, साहेब. बाप मेलाय पोराचा."

"पुढच्या वेळी तो खरंच मारील कुणालातरी!"

"मग त्याच्या आधी तुमी खरा मानूस शोधा की."

गर्जेच्या जिव्हारी लागलं ते. गर्दीतून पुंजाराम गुरुजी पुढं आले, पंकजच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला घरी घेऊन गेले. गर्जेला तेव्हा बरंच वाटलं.

दोन दिवसांनी तो आंघोळ करून आला तर आईनं पान वाढून ठेवलं होतं.

"आज कुणाचं गं?"

"तुझ्या चुलत्याचं. दरोडेखोरांनी मारला तो."

"पण ते पंचमीला गेले ना?"

"कवा का जाईना. घातानं, हत्यारानं गेलेल्या मानसाचं चतुर्दशीलाच घालत्यात. घरात अंथरुनावर मेलेल्याचं आज कुनी घालत न्हाई, त्याची तिथी आजची असली तरी."

गर्जे ताटावरून तसाच उठला. अंथरुणात, प्लेगनं मेलेला आजा, आणि त्याचं पान चतुर्दशीला! सुट्टी मिळावी म्हणून गुरुजींनी आपल्या तोंडानं सांगितलं होतं आणि त्यानं आपल्या हातानं ती दिली होती.

चौकीत बन्सी हजेरीला आलेला. जखमी हात गळ्यात बांधलेला.

"पंकज कुठाय?"

"गुरुजी घिऊन गेले की सकाळच्या गाडीनं. पित्राला जेवायला."

बन्सीला आणि एका शिपायाला घेऊन गर्जेनं पाथर्डीच्या रस्त्यावर जीप अशी पिटाळली, की बन्सीच्या जखमेचे टाके उसवले.

वस्ती तिसगावच्या अलीकडं, माळावर. घरामागं जुनी मोटेची विहीर होती. तिच्या काठावर पंकज गुडघे टेकून बसला होता आणि आत वाकून बघत होता. मागं पुंजाराम गुरुजी उभे होते.

"आणखी वाक," ते मऊ आवाजात सांगत होते. "तुझ्या पणजोबांची खूण आहे आत, कपारीत."

कुऱ्हाड डोक्यावर गेली होती. गर्जेनं ओरडण्यात वेळ घालवला नाही, गोळी झाडली. ती गुरुजींच्या मांडीत शिरली. कुऱ्हाड घसरत खाली आली आणि पंकजच्या खांद्याचं मांस तासून दगडावर आपटली. गुरुजी कोसळले. शिपायानं त्यांच्या छातीवर गुडघा रोवला. पंकज खांदा धरून उभा राहिला. त्याला अजून काही उमगत नव्हतं.

"गुरुजी, तुमचा आजा प्लेगनं नाही गेला," गर्जे धापा टाकत म्हणाला. "तसा मेला असता तर आज त्याचं पान पडलं नसतं. आज फक्त हत्यारानं मेलेले जेवतात. याच विहिरीवर त्याची मान तुटली. कवडेनं ओसरीवर हात तोडल्याचं सांगितलं आणि तुम्ही ओळखलंत. सगळे त्याला ते घर शोधून द्यायला निघाले होते आणि ते घर त्याच्या शेजारीच बसलं होतं. तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत."

गुरुजी दात खाऊन पडले होते.

"विसर्जनाच्या गोंगाटात तुम्ही त्याला ओढ्याकाठी बोलावलंत आणि सांगितलंत, तो वारस मीच. त्यानं काय केलं असेल, ते मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. गुडघ्यांना माती. घाव वरून खाली. टोपी सरळ ठेवलेली. त्यानं गुडघे टेकले, टोपी काढून तुमच्या पायावर ठेवली आणि मान खाली घातली. त्या मानेवर तुम्ही कुऱ्हाड घातलीत. पहाटेच्या गाडीनं आईचं औषध नेलं म्हणालात. पिशवीत औषध नव्हतं, गुरुजी."

"हात याच विहिरीत आहे," पुंजाराम गुरुजी शांतपणे म्हणाले. "आमचा जिथं गेला, तिथंच. आणि माफी मागितली त्यानं, खरंय. लई मागितली. माझ्या आज्याला कुठं जिवाची भीक तरी मागू दिली होती?"

पंकजनं कुऱ्हाड उचलली. गर्जेच्या लक्षात येईपर्यंत तो गुरुजींच्या डोक्याशी उभा होता. शिपाई घाबरून मागं सरला. गर्जेच्या हातात पिस्तूल होतं, पण या पोरावर ते उचलायला हात धजेना.

"मार!" गुरुजी ओरडले.

तेवढ्यात मागल्या दारातून एक म्हातारी काठी टेकत आली. गुरुजींची आई, बनुबाई. पोराच्या मांडीतून भळाभळा रक्त वाहत होतं, त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती थेट पंकजपुढं आली आणि त्याचा चेहरा निरखू लागली.

"ह्यो त्यांचाच का रं, पुंजा?"

"व्हय, आई."

"नवी नवरी हुते मी," ती पंकजला म्हणाली. "सासऱ्याला बिनहाताचं सरनावर घातलं, ह्या डोळ्यांनी बघितलं. ह्याला दूध पाजताना तेच सांगितलं. जेवू घालताना तेच सांगितलं. साठ वरसं दुसरं काय बोलले न्हाई." तिनं मान तिरकी केली. "तुला लेकरू हाय का?"

पंकजनं कुऱ्हाड खाली घेतली नाही. "पोरगा आहे. दोन वर्षांचा."

"मग मार ह्याला," बनुबाई म्हणाली. "ह्याचा बी पोरगा हाय. तो तुझ्याकडं बघंल, न्हाई तर तुझ्या पोराकडं."

तिच्या आवाजात राग नव्हता की दुःख नव्हतं. पेरणीची कामं वाटून द्यावीत तसं ती बोलत होती. एवढी वर्षं खुनी बघितले होते गर्जेनं, पण भीती वाटली ती या म्हातारीची.

पंकज तिच्याकडं बघत राहिला. मग रडू लागला, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. बापाला अग्नी देतानाही तो रडला नव्हता. बन्सी पुढं झाला. त्यानं चांगला हात पुढं केला आणि पंकजनं कुऱ्हाड त्या हातात दिली.

"काका, मी तुम्हाला..."

"ऱ्हाऊ दे."

पंकजनं डोळे पुसले आणि म्हातारीकडं वळला.

"माझ्या पोराला मी यातलं काहीच सांगणार नाही, आजी," तो म्हणाला. "त्याचा आजा गणपतीत आजारी पडून गेला, एवढंच सांगीन."

बनुबाईला ते कळलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं, "काय म्हनतो रं ह्यो?" पण गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते, आणि तिला समजावून सांगेल असं तिथं दुसरं कुणी नव्हतं.