शेपटी न हलवणारा धोबी

एखाद्या जीवाला ओळखणे म्हणजे केवळ त्याचे नाव सांगणे नव्हे. नाव शोधण्याच्या ओढीत त्याची व्यथाच दृष्टीआड झाली, तर आपले पाहणे अपुरे राहिले, असेच म्हणावे लागते. सुट्टीसाठी मामांच्या घरी आलेल्या तीन भावंडांना त्या सकाळी याची जाणीव नव्हती. आणि खरे सांगायचे तर मामांनाही नव्हती.

"हा पक्षी पुस्तकात नाहीच!" चष्मिस ओरडला. तो मधला. पक्ष्यांचे जाडजूड पुस्तक मांडीवर आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अशी त्याची सुट्टीतली नित्याची मुद्रा.

"नीट बघ रे!" कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो मोठा करत ताई म्हणाली. ती सर्वांत थोरली. "गळ्याशी काळा पट्टा आहे. म्हणजे धोबी पक्षी."

"धोब्याचं पोट पांढरंशुभ्र असतं. हे निळसर आहे!"

"मग दुसरा कुठला तरी निळा पक्षी असेल."

"निळ्या पक्ष्यांना असा पट्टा नसतो! आणि धोब्याची शेपटी एकसारखी वरखाली होते. ही बघ, ताठ! काठी बांधल्यासारखी!"

"कुणी बांधली?" खिडकीच्या कट्ट्यावरून धाकटीने विचारले. ताई जाईल तिथे ही मागोमाग हजर, म्हणून तिला सारे 'शेपूट' म्हणत.

"अगं, बांधल्या*सारखी* म्हटलं! तू गप्प बस."

पक्षी समोरच होता. अंगणातल्या नळाखालच्या ओल्या दगडांवर तो पंख किंचित पसरून अवघडल्यासारखा चालत होता. भावंडांनी रंग, गळा, चोच यांची जुळवाजुळव करावी, तो प्रत्येक खूण वेगळ्याच पक्ष्याकडे बोट दाखवी. मुलांच्या डोक्याचा अगदी भुगा झाला होता.

एवढ्यात मामा आले. त्यांची कॉलर इतकी कडक असे, की कुणाकडे पाहायचे तर मानेऐवजी सारे अंगच वळवावे लागे. फोटो पाहताच ते उद्गारले,

"मुलांनो, ही नवी जात आहे! नाव मी ठरवलं. अचलपुच्छ नीलकाय!"

"म्हणजे काय हो मामा?" शेपूटने विचारले.

"शेपटी न हलवणारा, निळ्या अंगाचा. आज संध्याकाळी पक्षिमित्र मंडळात हा फोटो दाखवतो. सगळे तोंडात बोटं घालतील!"

"पण मामा, तो उडत का नाही?" ताईने विचारले.

"जातच तशी असेल. न उडणारी!"

"मग इथवर आला कसा? चालत?"

"जवळ मात्र कुणी जायचं नाही. फोटो काढणाऱ्यानं अंतर राखावं," एवढे बजावून मामा भाषणाची तयारी करायला आत गेले.

नियम योग्यच होता. पण कुंपणाच्या भिंतीवर शेजारची मांजर, बोकी, येऊन बसली होती, आणि तिला हा नियम कुणी शिकवला नव्हता.

"ताई, ती त्याला खाईल गं!" शेपूट ताईचा हात ओढत म्हणाली.

ताईने टाळी वाजवताच बोकी पलीकडे उतरली. पक्षी दचकून दगडाला घासत कुंडीआड सरकला. दगडावर कसलेतरी पांढरट निळे पापुद्रे पडले. शेपूटने अंगणात उतरून एक उचलला. तो बोटांत कुरकुरत मोडला. तिने तो नाकाशी नेला आणि म्हणाली, "याला मामाच्या शर्टाचा वास येतोय!"

"पक्ष्याला शर्टाचा वास? डोकं फिरलंय का तुझं?" चष्मिस म्हणाला. मग त्याने स्वतः वास घेतला आणि तो अधिकच गोंधळला. "खरंच येतोय!"

मामांचे शर्ट जात मागच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीत. बोकीवर पहारा ठेवायला शेपूटला बसवून दोघे तिकडे धावले. लॉन्ड्रीवाले काका इस्त्री फिरवत होते.

"काका, तुमच्याकडे निळा धोबी आला होता का?" चष्मिसने धापा टाकत विचारले.

काकांनी इस्त्री उभी ठेवली. "इथं धोबी एकच, तो मी. आणि मी निळा नाही बाबा, सावळा आहे!"

"तसं नाही हो! त्याची शेपटी हलत नाही!"

"माझीही नाही हलत!"

"काका, आम्ही पक्ष्याबद्दल बोलतोय," हसू आवरत ताईने फोटो पुढे केला. "कपडे कडक करायच्या खळीचं पिंप कुठे असतं तुमचं?"

"मागं. पण पाखरं काय खळ प्यायला येतात?"

मागच्या अंगणात ते पिंप उघडेच होते. नीळ मिसळलेली खळ निवून तिच्यावर जाड साय धरली होती. त्या सायीवर, जशी ओल्या चिखलावर उमटावीत, तशी इवली पावले उमटली होती. पुढे तीन बोटे, मागे एक. पावले मध्यापर्यंत गेली होती, आणि तिथे साय फाटली होती.

"मांजराचे पाय असतील," काका म्हणाले. पण त्यांचा स्वर पूर्वीसारखा राहिला नव्हता.

"मांजर असतं तर पिंपात बुडालं असतं, काका!" चष्मिस म्हणाला. "वर माश्या घोंगावताहेत. धोबी पाणथळ जागी माश्या टिपत फिरतो. त्याला ही जमीनच वाटली!"

"म्हणजे ही नवी जात नाहीच," ताई हळूच म्हणाली. "बिचाऱ्याला खळ घातली गेलीय!"

मामांना हे पटवणे मात्र सोपे नव्हते. ते आरशासमोर भाषण म्हणत होते. ताईने दोरीवर वाळणाऱ्या त्यांच्या शर्टाच्या कॉलरीचा अगदी जवळून फोटो काढला आणि पक्ष्याच्या पंखाच्या मोठ्या केलेल्या फोटोशेजारी ठेवला.

"मामा, यातला पंख कुठला? आम्हाला काही उमजत नाहीये."

मामांनी दोन्ही फोटो निरखले. मग गंभीरपणे एकावर बोट ठेवले. "हा! ही निळसर झाक, हा ताठपणा... अचलपुच्छाचाच पंख!"

"मामा, ती तुमची कॉलर आहे."

मामांचा हात नकळत मानेकडे गेला.

"ताईऽऽ! बोकी!" बाहेरून शेपूटची किंकाळी आली.

भाषणाचा कागद तिथेच पडला. मामा अनवाणी धावले. बोकी दबा धरून होती. शेपूट तिच्या आणि कुंडीच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभी होती. मामांनी अंगातला शर्ट उतरवला, अलगद पक्ष्यावर टाकला आणि ते धडधडते ओझे ओंजळीत उचलले.

मामांच्या ओळखीच्या पशुवैद्यबाईंनी फोनवर सांगितले तसे कोमट पाणी घेतले गेले. मामा न चोळता पाणी सोडत राहिले. निळे पाणी वाहून गेले. खाली पांढरे पोट दिसू लागले. मग पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात, उबेला ठेवले.

संध्याकाळी मंडळात मामा म्हणाले, "मी याला नाव दिलं, याचा त्रास मुलांनी ओळखला. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा." काकांनी तर त्याआधीच पिंपाला घट्ट झाकण बसवून मुलांना ते दाखवायला नेले होते. "चूक माझी, बाळांनो. डोळे उघडलेत तुम्ही."

दुसऱ्या सकाळी खोके उघडले. पक्षी काठावर बसला. आणि ती शेपटी हलली! वर, खाली, वर, खाली!

"ताई, फोटो!"

ताईने बटण दाबले, तोवर तो उडालाही. फोटोत शेपटीच्या जागी नुसती धूसर रेघ आली.

"पुसून टाकू?" तिने विचारले.

"छे गं!" मामा म्हणाले. "तोच भिंतीवर लावू."

त्या चिमण्या जीवाला मोकळे आकाश लाभो. पिंप झाकणाऱ्या हातांना यश येवो. आणि नाव विसरून धावणाऱ्या त्या मामांचे, तसेच या तिन्ही मुलांचे डोळे असेच निर्मळ राहोत.