नेहमीचंच आहे

विश्रांतवाडीत, सोसायटीच्या गेटपाशी, भुरभुर पावसात मैत्री गजभियेने एका अनोळखी तरुणाला विमा कंपनीबद्दलचं आपलं मत ऐकवलं. मत लांबलचक होतं, आणि त्यातले काही शब्द तिच्या आईने तिला शिकवलेले नव्हते.

दोष तिचा नव्हता. त्या तरुणाने छत्री तिच्यावर न धरता तिच्या कुत्र्यावर धरली होती. अशा माणसाजवळ मन मोकळं होतंच.

"पायावरचे केस काढलेत... ऑपरेशन?" एवढंच त्याने विचारलं होतं.

"सोफ्यावरून उडी मारली, लिगामेंट तुटलं. याचा विमा काढलेला. तर कंपनी म्हणते, आजार जुना आहे, तुम्ही दडवलात! जुने आजार वगळलेले असतात म्हणे. पैसे गेले खड्ड्यात, पण मी – दडवणारी? तिथे बसतात ती माणसं आहेत की..."

"माणसंच आहेत," तो गंभीरपणे म्हणाला. "मी त्यांच्यातलाच. तेजस पानसे. तुमच्या तक्रारीची चौकशी करायला आलोय. रंगराव हेच का?"

रंगरावाने शेपूट हलवून दुजोरा दिला. आता ती छत्री आपल्या तोंडावर धरावी, असं मैत्रीला फार वाटलं.

वर घरात तिच्या आईने, सुशीलाबाईंनी, चहाचं आधण ठेवलं.

"निकाल लागेपर्यंत अर्जदाराकडे चहा घेता येत नाही, काकू. नियम आहे."

"पाणी?"

"पाणी चालतं."

"मोठ्या मनाची आहे हो तुमची कंपनी," म्हणत सुशीलाबाईंनी चमच्यातली साखर डब्यात परत टाकली.

तेजसने डॉक्टरांचा केसपेपर उघडला. "घोडं इथे अडलंय. लंगडतोय कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, 'नेहमीचंच आहे.' त्यांनी तसंच उतरवलं, आणि आम्ही ते 'जुना आजार' असं वाचलं."

मैत्रीने कपाळावर हात मारला. "अहो, ते मी वैतागून म्हटलं! हा नाटकी आहे. आंघोळीचं नाव काढलं की लंगडतो. मला वाटलं, त्या दिवशीही..." तिचा आवाज उतरला. "खरंच दुखत होतं त्याला. आणि मी हसत होते."

तेजसने तिच्याकडे पाहिलं. चौकशीत एवढा वेळ बघायची गरज नसते.

"नाटक बघायला मिळेल?" त्याने विचारलं. "पुरावा म्हणून. थोडं... कुतूहलही आहे."

मैत्री खाली वाकली. "रंगराव – आंघोळ."

रंगरावाने कण्हत उठून पलंगाखालची वाट धरली. एक पाय हवेत होता. पुढचा. डावा.

"ऑपरेशन कुठल्या पायाचं?" तेजस हळूच म्हणाला.

"उजव्या... मागच्या!"

"आणि नाटकाला नेहमी हाच?"

"पिल्लू होता तेव्हापासून हाच! व्हिडिओ आहेत ना माझ्याकडे!"

दोघं एका मोबाईलवर वाकले. तेजसच्या ओल्या केसांतला एक थेंब तिच्या अंगठ्यावर पडला. तिने तो पुसला नाही... आणि त्याने 'सॉरी' म्हटलं नाही.

"म्हणजे नेहमीचं ते नाटक," तो उठत म्हणाला. "आजार नवाच. होईल मंजूर."

"मग परत नाही यावं लागणार तुम्हाला?"

"नाही. दुर्दैवाने तुमचं सगळं स्वच्छ आहे."

आठवड्याभरात मंजुरीचा मेसेज आला. मैत्रीला आनंद झाला. ठरवला होता तेवढा मात्र झाला नाही.

रविवारी बेल वाजली. दारात तेजस. बॅग नाही, केसपेपर नाही.

"निकाल लागला," तो म्हणाला. "आता चहा चालतो."

मग रंगरावाच्या तब्येतीची चौकशी दर रविवारी होऊ लागली. एखादी विमा कंपनी इतकी दक्ष असते, हे सोसायटीला नवीन होतं.

अशाच एका रविवारी सुशीलाबाईंनी आतून विचारलं, "कोण आलंय गं?"

मैत्रीने दारातल्या माणसाकडे नीट बघून घेतलं. "नेहमीचेच."

तेजस उंबऱ्यावरच थबकला. "जपून बोला हं. नेहमीचं असलं की वगळतात."

"तुमच्या कंपनीत," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण नजर हलली नाही. "आमच्याकडे... ठेवून घेतात."

त्या दिवशी चहा दोनदा झाला. निघायची वेळ झाली, तेजस उठला आणि दारापर्यंत चक्क लंगडत गेला.

"अगं बाई! काय झालं?" सुशीलाबाई म्हणाल्या.

"जायचं नाव काढलं की दुखतो."

"कुठला पाय?" मैत्रीने विचारलं.

"डावा," तेजस गंभीरपणे म्हणाला. "पुढचा."