आणखी एकच फोटो

केदार, मोबाइलचा तो उजेड बंद कर बघू. लाइट येईल तेव्हा येईल. ही गोष्ट अंधारातच ऐकलेली बरी.

आपल्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर पुष्कर राहायचा, आता वारज्याला गेला, त्याची ही हकिगत. त्यानंच मला सांगितली, खाली मान घालून. पेशानं मास्तर, जीव सगळा कॅमेऱ्यात. वाघोलीच्या पुढच्या माळावर चिंकारा हरणं यायची, ती नेमकी उजेड संपता संपता. अशा वेळी फोटो काढायचा तर हरणानं हलता कामा नये. आणि हरणं काही मास्तरांचं ऐकत नाहीत.

माळावर हिंमतराव धनगर मेंढरं बसवायचे. त्यांनी एकच गोष्ट बजावली होती. "साहेब, बॅटरी मारू नगा. उजेडात हरणी जागची हालत न्हाई, अन् तिचं पाडस गवतात दडवल्यालं असतंय." पुष्करनं शब्द दिला होता.

बावीस साल, कार्तिकातली अमावस्या, बुधवार. साडेसहाच्या सुमाराला हरणी समोर आली. दहा फोटो काढले, दहाही पुसट. हिंमतराव मेंढरांकडे गेलेले. पुष्करनं बॅटरी लावून दगडावर ठेवली. हरणी थिजली, डोळे लखलखले, आणि फोटो असा आला की बघत राहावं.

तेवढ्यात कचऱ्याच्या ढिगावरची कुत्री गवतात शिरली. पाडस ओरडलं. हरणीचे कान तिकडे वळले, पाय मात्र वळले नाहीत. बॅटरी विझवायला एक बोट पुरलं असतं. पुष्कर मनाशी म्हणाला, आणखी एकच फोटो...

गवतात पाडसाचं जे उरलं होतं ते पाहून हिंमतरावांनी विचारलं, बॅटरी मारली नाही ना? तो नाही म्हणाला. प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. खाली त्यानंच लिहून दिलं होतं, 'नैसर्गिक प्रकाश'.

फोटो दिवाणखान्यात लागला. सात वर्षांची स्पृहा रोज म्हणायची, बाबा, मलाही हरीण दाखवा. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. शेवटी पुढच्या वर्षी तो तिला घेऊन गेला. मंगळवार होता. तिथी कोणती, हे कॅलेंडरात बघायची सवय आता उरली आहे कुणाला?

पोर गाडीत पेंगुळली. पाच मिनिटांत येतो, म्हणत तो पन्नास पावलं पुढे गेला. या खेपेला बॅटरी घरीच ठेवली होती. अंधार पडत आला.

हरणी समोर उभी होती. डोळे लखलखत होते.

डोळे कधी चमकतात? उजेड पडला तर.

पुष्करनं खाली पाहिलं. त्याची स्वतःचीच सावली पुढे गवतावर पडली होती. लांब. म्हणजे मागून कुणीतरी...

त्याला वळता येईना. पाय उचलेना.

मागे गाडीकडे कुत्री भुंकली. दार उघडल्याचा आवाज आला.

"बाबा..."

त्याला सगळं ऐकू येत होतं. सगळं. पाय हलेना. उजेड तसाच.

"बाबा..."

मग काहीच नाही.

किती वेळ गेला, त्याला आजही सांगता येत नाही. उजेड गेला तेव्हा समोर हरणी नव्हती. तो धावला, पडला, पुन्हा धावला.

स्पृहा उघड्या दारात बसली होती. अंगावर ओरखडा नव्हता. कुत्री गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हिंमतरावांकडे गेला आणि सगळं खरं सांगितलं. म्हातारा उठून गाडी उभी होती तिथं आला. धुळीत कुत्र्यांची पावलं चहूकडून आलेली, आणि दोन हातांवर सगळी थांबलेली. आत, गाडीच्या जागेभोवती, दुभंगलेल्या खुरांचं रिंगण. एकावर एक, फेऱ्या मारल्यासारखं.

"माझ्यासमोर जागची न हललेली ती, माझ्या पोरीसाठी हलली हो, काका," पुष्कर मला म्हणाला. बोलताना वर बघत नव्हता.

हिंमतराव मात्र उकिडवे बसून धुळीकडेच बघत राहिले होते. मग त्यांनी बोट टेकवलं.

त्या खुरांशेजारी, त्यांना अगदी लागून, सबंध रिंगणभर आणखी खूर होते. अंगठ्याएवढे.