अर्धभूल

मिरजेच्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ डॉ. तांबोळी हृदयाच्या प्रत्येक पेशंटला आधी एकच गोष्ट विचारत: पूर्ण भूल की अर्धभूल?

"पूर्ण दिली तर घशात नळी घालावी लागेल," त्या निवृत्ती शिंगाड्यांना म्हणाल्या. "तुमच्या फुफ्फुसांनी गिरणीचं पीठ फार खाल्लंय. नळी पुन्हा निघेलच असं नाही."

"मग अर्धीच द्या. नाहीतरी अर्धा गेलेलोच आहे मी."

"बाबा!" मुलगी ऋतुजा ओरडली.

अर्धभुलीत माणूस झोपत नाही. मन वीस-पंचवीस वर्षं मागे, एखाद्या निवांत काळात जातं, त्यामुळे भीती वाटत नाही. नंतर त्या वेळेची आठवणही उरत नाही. नाडी शांत राहावी म्हणून घरचं कोणीतरी काचेपलीकडून माइकवर बोलत राहतं.

जांघेतल्या शिरेतून नवी झडप हृदयापर्यंत पोचली. ती उघडताना निवृत्तींनी अजिबात हलायचं नव्हतं.

"बाबा, शांत पडून राहा," ऋतुजा काचेपलीकडून माइकवर म्हणाली.

"बाबा काय म्हणतेस, मंगल? बरी आहेस ना?"

ऋतुजाची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. फोनवर दोघींच्या आवाजात माणसं नेहमी फसत.

"मी ऋतुजा आहे."

"ती शाळेत गेलीय. थट्टा पुरे. कुठं आहेस तू? दिस की जरा."

त्यांनी मान उचलली. पडद्यावर नाडी धावू लागली.

"आई होऊन बोला," तिच्या शेजारी उभ्या डॉ. तांबोळी माइक झाकून दबक्या आवाजात म्हणाल्या. "नाहीतर नळी घालावी लागेल."

आईने बाबांना कधी नावाने हाक मारली नव्हती. ती जी हाक मारायची, ती वडिलांना मारायला ऋतुजाची जीभ उचलेना. आकडा चढतच होता.

"अहो," ती म्हणाली.

निवृत्तींनी मान खाली टेकवली. नाडी उतरली.

"घरी येणार ना माझ्याबरोबर?"

डॉ. तांबोळींनी ऋतुजाकडे बघून मान हलवली. हो म्हणा.

"तुम्ही व्हा पुढं. मी येतेच मागनं."

झडप उघडली.

निवृत्ती घरी आले तेव्हा त्यांना काही आठवत नव्हतं. रंग सुधारला होता, धाप लागत नव्हती. पण दुपारी ताट वाढलं तरी ते बसेनात. दारात उभे राहिले.

"बाबा, गार होतंय."

"थांब की. येऊ दे."

"कोण?"

"तेच आठवत नाही. पण येणार आहे कोणीतरी."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्यानंतरही. ताटं तशीच परत जाऊ लागली, तेव्हा ऋतुजाने डॉ. तांबोळींना फोन केला.

"आठवण पुसते, हे आम्ही तपासलं होतं," त्या म्हणाल्या. "वाट बघणंही पुसतं का, ते तपासायचं सुचलंच नाही."

ऋतुजा बाहेर आली. निवृत्ती वाळले होते.

"पोरी, तुला ठाऊक आहे का, कोण यायचंय ते?"

तिने तोंड उघडलं. पण उत्तर कोणी द्यायचं, लेकीने की आईने?