तोवर चहा घेऊन या

“मंडळी, आता थोडा वेळ महिलांचा सामना आहे. तोवर चहा घेऊन या, मग खरी लढत बघूच!”

हे माइकवर ऐकलं तेव्हा मी वर्तकनगरच्या मैदानात गुडघ्याला पट्टी बांधत होते. अर्धी बांधलेली पट्टी तशीच लोंबकळत ठेवून मी थेट निवेदकाच्या टेबलापाशी गेले. दुपारचे साडेतीन, डोक्यावर ऊन, खुर्च्यांवर मोजून वीस माणसं, त्यातली बारा खरंच चहाला उठलेली... आणि टेबलामागे हा! इस्त्रीचा निळा शर्ट, चष्मा, चेहऱ्यावर बावळट समाधान.

“ए, माइक बंद कर.”

“मॅडम, काही प्रॉब्लेम—”

“बंद कर आधी!”

त्याने केला.

“खरी लढत म्हणजे काय रे? आम्ही काय इथे लंगडी खेळायला आलोय? आमच्या गुडघ्यातून येतं ते रक्त नाही, टोमॅटो सॉस आहे?”

तो कानापर्यंत लाल झाला. “सॉरी... पोपटशेठ बोलले, दरवर्षी असंच म्हणतात.”

पोपटशेठ म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष.

“दरवर्षी म्हणतात म्हणूनच दरवर्षी डोकं फिरतं माझं!” असं सुनावून मी मैदानात गेले. मी कळव्याच्या संघाची डावी कोपरारक्षक, रुचिता. त्या दिवशी चढाईला आलेल्या प्रत्येक पोरीत मला तो निळा शर्टच दिसत होता. सहा पकडी केल्या मी. नऊ गुणांनी जिंकलो.

सामना संपला आणि तो दोन कप घेऊन समोर आला. “चहा घेणार?”

मी फक्त बघितलं त्याच्याकडे.

“नको... चहा हा विषयच नको,” असं म्हणत त्याने दोन्ही कप मागे लपवले आणि अर्धा चहा स्वतःच्याच पँटवर सांडला. मला हसू आलं. पण मी दाखवलं नाही, एवढ्या लवकर कशाला?

साकेत त्याचं नाव. डोंबिवलीचा. आई शाळेत मराठी शिकवायची, म्हणून बोलणं एकदम स्वच्छ. इतके दिवस बॅडमिंटनच्या स्पर्धांत निवेदन करायचा, कबड्डीत पहिल्यांदाच आलेला.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “बॅडमिंटनमध्ये फूल उडतं, नजर आपोआप त्याच्यामागे जाते. तुमच्यात काही उडतच नाही. बघायचं कुठे?”

“पायांकडे. सगळे चढाई करणारीकडे बघतात. तू कोपऱ्यावरच्या पोरीच्या पायांकडे बघ. पकड करायच्या आधी तिची टाच उचलली जाते. चढाईवालीला ते दिसत नाही, बघणाऱ्याला दिसतं. आता ही सापडणार... हे तुला तिच्या आधी कळतं. मजा तिथे आहे.”

“मग उद्या तुमच्याच पायांकडे बघतो.”

“आगाऊपणा नको.”

पण रविवारी त्याने तेच केलं. माइकवर बोलता बोलता मध्येच थांबायचा... आणि मला न बघताच कळायचं, माझी टाच उचललेली त्याने पाहिली. वैताग नुसता! पकड सुटायची वेळ आली माझी एकदा.

स्पर्धा दोन शनिवार-रविवारची होती. मधल्या बुधवारी हा पठ्ठ्या ऑफिसमधून थेट कळव्याला आमच्या सरावाला हजर. बूट हातात, मोजे मातीत.

“अभ्यासाला आलोय,” म्हणाला. “पण तुमचं हे साखळी फेरीचं काही पटत नाही. बाद फेरी कशी, हरलं की घरी! थरार आहे त्याच्यात. साखळी म्हणजे सासू-सुनेची मालिका.”

“काय बोललास?” मी भडकले. “रविवारी आम्ही हरलो ना? सहा गुणांनी हरलो तरी उपांत्य फेरी नक्की होती, सातने हरलो असतो तर घरी. शेवटचं मिनिट आठव. हरणाऱ्या सातजणी एका गुणासाठी जीव काढत होत्या. तू माइकवर काय बोललास तेव्हा? सामना आता एकतर्फी झालाय! अरे, तुला हिशेबच माहीत नव्हता!”

त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला. “खरंय,” म्हणाला. “बाद असो नाहीतर साखळी... कुणाचं काय पणाला लागलंय ते बघणाऱ्याला कळलं, तर बुद्धिबळ बघतानाही घाम फुटतो. नाही कळलं, तर सगळीच पळापळ.”

“मग सांग ना लोकांना! माइक काय चहा विकायला दिलाय तुला?”

“सांगतो.” मग जरा हळू— “तुझं काय पणाला लागलंय, रुचिता?”

त्याच्या तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आणि मी कुणालाच सांगत नाही ते त्याला सांगून बसले. आमची आई ‘मंजुळा पोळी-भाजी केंद्रा’त रोज तीनशे पोळ्या लाटते, रविवारी चारशे. सुटते सहाला. आणि बायकांच्या मॅच कायम दुपारी साडेतीनला, रिकाम्या खुर्च्यांसमोर! बारा वर्षं खेळतेय मी. आईने फक्त माझ्या जखमांवर हळद लावली, मॅच एकही बघितली नाही. यंदा पहिल्यांदा पत्रकावर छापलं होतं, महिला अंतिम सामना, रविवार, संध्याकाळी सात.

“फायनलला पोचायचंय मला. आईने बघायला पाहिजे. बस.” मग मलाच लाजल्यासारखं झालं. “आणि हे माइकवर बोललास ना, तर घोटा धरून आडवा करीन.”

“ही धमकी आहे की आमंत्रण?”

मी त्याच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली. रिकामी होती म्हणून वाचला.

शनिवारी आम्ही उपांत्य सामना जिंकलो. पोरी मला उचलून नाचत होत्या, तेवढ्यात लाउडस्पीकरवर साकेतचा आवाज आला. “महत्त्वाची सूचना. उद्याचा महिलांचा अंतिम सामना दुपारी... साडेतीन वाजता...”

मी टेबलापाशी पोचले. प्रमुख पाहुणे सातला येणार म्हणे, म्हणून पोपटशेठना सातला पुरुषांचा सामना हवा होता.

“कागद हातात आला, मी वाचला गं,” साकेत म्हणाला. “अर्ध्यावर आल्यावर कळलं मला...”

“तू वाचलंस! सगळं माहीत असून वाचलंस!” मला रडू येत होतं आणि त्याचा जास्तच राग येत होता. रात्रभर फोन वाजत राहिला त्याचा. नाही उचलला.

रविवारी साडेतीनला मैदानात गेले तेव्हा समोर विठ्ठलवाडीचा संघ होता. त्यांची कप्तान मालन. आठ वर्षं एकमेकींना आपटतोय आम्ही, गोड शब्द एक नाही.

“तुझ्या घरचं कुणी येणारे?” मी विचारलं.

“नवरा आणि पोरगी. पण सहानंतर.” तिने माझ्याकडे बघितलं. “का गं?”

दोन मिनिटांत चौदाजणी मध्यरेषेवर फतकल मारून बसलो. खेळू तर सातला!

पोपटशेठ धावत आले. “दोन्ही संघ बाद! साकेत, कर जाहीर!”

माझ्या आईपायी सहा पोरींची फायनल मी घालवत होते. साकेतने माइक उचलला. मी मान खाली घातली.

“हे मी जाहीर करणार नाही,” मैदानभर ऐकू आलं. “पत्रकावर सात वाजता छापलंय. लोकांना दिलेला शब्द आहे तो. काल मी चुकीची सूचना वाचली, त्याची माफी मागतो. आज दुसरा निवेदक बघा.”

माइक टेबलावर ठेवून तो आला. रेषेपाशी बूट काढले, खाली वाकून माती कपाळाला लावली, जशी आम्ही लावतो, आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

“सरक जरा,” म्हणाला.

“फोन उचलणार नाहीये मी अजून.”

“नको उचलूस. पण सरक, ऊन लागतंय.”

पोपटशेठ अर्धा तास ओरडले. शेवटी पुरुषांचे दोन्ही कप्तानच त्यांना म्हणाले, “शेठ, खेळू दे ना त्यांना सातला. आम्ही आठला खेळतो, काय बिघडतंय?” तेव्हा कुठे शेठ नरमले. माइकही परत साकेतच्याच हातात गेला, कारण दुसरं कुणी मिळेना.

सातला दिवे लागलेले. खुर्च्या भरलेल्या. तिसऱ्या रांगेत आई, हाताच्या कोपराला अजून पीठ.

“मंडळी,” साकेतचा आवाज आला, “चहा प्यायचा असेल तर आत्ताच पिऊन घ्या. कारण आता खरी लढत आहे!”

कुणी उठलं नाही. मग त्याने काय सांगितलं नाही ते विचारा! मालन बाळंतपणानंतर सात महिन्यांत मैदानात कशी परतली, तिची पोरगी कुठे बसलीय, टाच म्हणजे काय, हुलकावणी म्हणजे काय. आईबद्दल एक अक्षर नाही. फक्त म्हणाला, “डाव्या कोपऱ्यावर बघत राहा. पायांकडे.” आणि माझी टाच उचलली की हजार माणसं एकदम श्वास रोखायची... मला ऐकू येत होतं ते!

चोवीस-चोवीस. बरोबरी. पाच-पाच चढाया, तरी बरोबरी. मग सुवर्ण चढाई, एकच चढाई, गुण मिळाला की कप. नाणेफेक मालनने जिंकली. ती आली, मी झेपावले, घोटा हातात आला... आणि निसटला. तिची बोटं रेषेच्या पलीकडे.

हरलो. मातीत पडल्या पडल्या मी रडले. मालननेच हात देऊन उठवलं.

आई रेषेपाशी उभी होती. “हरलीस ना गं?”

“हो.”

“मग लोक तुझं नाव घेऊन का ओरडतायत?” तिने पदराने माझ्या तोंडावरची माती पुसली. “मला काही कळत नाही बाय, पण तो पोरगा सांगत होता तसं तुझ्या पायांकडे बघत बसले. काय ती पकड! मालकाला सांगून टाकलंय, पुढच्या वेळी मी दुपारीच सुटणार.” मग टेबलाकडे बघून म्हणाली, “त्याचा आवाज बसलाय बघ. त्याला आल्याचा चहा पाज कुणीतरी.”

खरंच बसला होता. जवळ आला तेव्हा नुसती हवाच येत होती तोंडातून.

“...आवडतेस.”

“काय? ऐकू नाही आलं.”

“आवडतेस तू मला.”

“शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं नाही.”

“माइक... आणू?”

“आण तर खरं, घोटाच धरते!” मी म्हटलं, आणि घोटा सोडून त्याचा हात धरला, मातीने भरलेल्या हातानेच. “मलाही आवडतोस तू. कालपण आवडत होतास, म्हणून तर एवढा राग आला.”

पलीकडे पोपटशेठ स्वतः माइक घेऊन खाकरत होते. पाहुणे आले होते, पुरुषांचे संघ रेषेवर उभे होते.

“चल,” मी साकेतला म्हटलं. “आता थोडा वेळ पुरुषांचा सामना आहे. तोवर चहा घेऊन येऊ.”